अडीच मिली

रोह्यात माझं औषधांचं दुकान आहे, त्याला पस्तीस वर्षं झाली. एवढी वर्षं काउंटरमागे उभं राहिलं की माणसाला एक खोड लागते. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर द्यायची. "शेठ, कालपासून जरा पोटात..." एवढं कानावर पडलं की माझा हात मागच्या फळीकडे गेलेला असतो. लोकांनाही तेच हवं असतं. डॉक्टरकडे नंबर लावून बसायला वेळ कुणाला आहे, दुपारची शिफ्ट गाठायची असते. त्यामुळे अर्धं गाव मला विचारून गोळ्या घेतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. नातेवाइकांत तर माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

याच खोडीपायी मी माझ्या धाकट्या बहिणीचं मांजर मारलं. आज हे वाक्य सरळ लिहून मोकळा झालो, पण ते तोंडातून बाहेर पडायला मला सोळा दिवस लागले. मांजर गेलं ते वाईट होतंच. त्यानंतरच्या सोळा दिवसांत मी जे केलं ते त्याहून वाईट, आणि ते करत असताना सगळे मला शाबासकी देत होते.

बहीण पेणला दिली आहे. घराच्या मागच्या बाजूला त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक लांबलचक शेड, त्यात मांडण्या, साचे आणि दहा-बारा माणसं. मेहुणे साच्याचं आणि मालाचं बघतात. बहीण आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. सगळं रंगकाम झालं, दागिने झाले की शेवटी ती पुढ्यात मूर्ती घेऊन बसते, श्वास रोखते आणि बारीक ब्रशने दोन डोळे उघडते. बावीस वर्षं ती हे करते आहे. तिने डोळे काढलेली मूर्ती लांबून ओळखू येते असं मेहुणे म्हणायचे, आणि बायकोचं कौतुक करण्यात त्यांचा हात तसा आखडताच आहे.

मांजर पाच वर्षांपूर्वी पॅकिंगच्या पेंढ्याबरोबर आलं होतं. पेंढ्याचा भारा सोडला तर आत हे एवढंसं पिल्लू. घरात सगळे तिला माऊ म्हणत, वेगळं नाव ठेवायचं कुणाला सुचलंच नाही. एवढ्या मूर्तींच्या गर्दीतून ती शेपटी उभारून चालायची आणि कधी एका मूर्तीचं बोट तिने मोडलं नाही. दुपारी मेहुण्यांच्या पोटावर झोपायची. भाची हसायची, "बाबा आमच्याशी बोलत नायत तेवढे माऊशी बोलतात." ते खरंच होतं.

वैशाखातली दुपार होती. परदेशात जाणारा माल लवकर निघतो, त्यामुळे पेणला तेव्हा आखणीची घाई चाललेली. माझ्या दुकानातही गर्दी होती. बहिणीचा फोन आला तो मी खांद्यात धरून बोललो, हातांनी बिल करत होतो.

"दादा, माऊ गरम लागते रे. सकाळपासून नुसती लोळतेय. खात पण नाय. काय देऊ?"

"ते पोरांचं तापाचं सिरप हाय ना घरात? अडीच मिली दे. संध्याकाळी परत एकदा दे."

"मांजराला चालतं?"

तिने विचारलं होतं. हे मी कितीही वेळा मनातून खोडायला गेलो तरी खोडलं जात नाही. तिने नीट विचारलं होतं आणि मी म्हणालो, "चालतं गो. ताप तो ताप." तान्ह्या पोराच्या मापाने मनातल्या मनात डोस काढला होता, तेवढीच माझी हुशारी. पुढच्या गिऱ्हाइकाला सुटे परत दिले आणि मांजराला विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिचा फोन. माऊ साच्यांच्या मागे सापडली होती, गार. बहिणीचा आवाज कोरडा होता. "तोंड सुजलंय रे दादा. आणि हिरड्या बघ ना कशा झाल्यात, मातीच्या रंगाच्या. हे काय असेल?" मग जरा थांबून म्हणाली, "काल सोनेरी रंगाची वाटी मी खाली ठेवली होती. झाकायची राहिली."

मी दात घासत होतो. म्हणालो, "मग तेच गो. रंग चाटला असणार. थिनर जातं पोटात, दुसरं काय."

एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नाही. मुद्दाम खोटं बोललो नाही, मला खरंच तसं वाटलं. पण माझ्या तोंडून निघालं म्हणजे त्या घरात विषय संपला. मी मांजराच्या मरणाचं कारण सांगून टाकलं होतं आणि ते कारण तिच्या हातात होतं.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास आमचे एक जुने पशुवैद्य रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले. निवृत्त माणूस, गप्पिष्ट. मी सहज म्हणून विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. 'मातीच्या रंगाच्या' हे शब्द सकाळपासून डोक्यात घोळत होते. रंग चाटल्याने हिरड्या मातीसारख्या कशा होतील?

"डॉक्टर, आमच्या एका गिऱ्हाइकाचं मांजर गेलं. ताप होता म्हणून पोरांचं सिरप दिलं होतं."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठलं? पॅरासिटामॉल?"

"हो."

"तोंड सुजलं होतं?"

"हो."

"हिरड्या चॉकलेटी? मळकट?"

"हो."

"मग त्यानेच. मांजराला ते विष आहे हो. त्याच्या अंगात ते पचवायची सोयच नसते. रक्त प्राणवायू धरेनासं होतं. एखादी गोळीसुद्धा पुरते." त्यांनी गोळ्या पिशवीत टाकल्या. "कुणी सांगितलं होतं द्यायला?"

"कुणी नाही. त्यांनी आपल्या मनानेच दिलं."

"आता सांगू नका त्यांना. गेलं ते गेलं. उगाच जिवाला लावून घेतील."

ते गेले. मी फळीवरच्या त्या सिरपच्या बाटल्यांकडे बघत उभा राहिलो. लाल, संत्र्याच्या चवीचं, वर हसऱ्या बाळाचं चित्र. पस्तीस वर्षांत किती विकल्या असतील! एका बाईने दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आलो. तिला सर्दीच्या ऐवजी खाजेची गोळी देत होतो, तिनेच स्ट्रिप परत केली.

सांगू नका, हे डॉक्टर म्हणाले होते. त्या शब्दांना मी घट्ट धरलं. शिकलेला माणूस म्हणतोय, म्हणजे असेल बरोबर. पण फोन वाजला की आधी पेणचा नंबर आहे का ते बघायचो. बायकोने विचारलं, काय झालंय, तर तिच्यावरच खेकसलो.

तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. भाची कॉलेज संपवून आता पेणमध्येच एका शाळेत शिकवते, समजूतदार मुलगी. ती रडत होती. "मामा, तुम्ही या. आई जेवत नाय. बाबा आईशी बोलत नायत. मी काय करू? तुमचंच ऐकतील दोघं."

मला बोलावत होते. समजूत घालायला.

एसटीत बसलो तेव्हा ठरवलं होतं, पोहोचल्या पोहोचल्या सांगून टाकायचं. नागोठण्यापर्यंत वाक्यं जुळवली. गडबच्या पुढे रस्ता खणलेला, गाडी अर्धा तास जागेवर. त्या अर्ध्या तासात सगळी वाक्यं विरघळली. शेजारी बसलेला माणूस मला ओळखत होता, त्याने गुडघेदुखीवर काय घेऊ विचारलं. मी म्हणालो, डॉक्टरला दाखवा. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याचा अपमान केला.

माणूस गेला की काय न्यायचं ते आपल्याला माहीत असतं. चहा-साखर, दूध. मांजर गेलं तर काय न्यायचं? मी स्टँडवर उतरून उगाच दोन डझन केळी घेतली. घरी पोहोचलो तर ओट्यावर शेजारच्या चाचींनी आणलेला डबा होता, तांदळाच्या भाकऱ्या आणि वाटाण्याचं कालवण. त्यांचा मुलगा आखातात असतो, घरात त्या एकट्याच. माऊ सकाळचं दूध त्यांच्याकडेच प्यायची. त्या मला म्हणाल्या, "चूल पेटली नाय म्हणून आणलं. ही खात नाय बघा. सांगा तिला, निजेतच गेली असेल, काय समजलं पण नसेल."

बहीण शेडच्या दारात बसली होती. मांडीवर हात, तळवे वर. मला बघून उठली नाही. "ये दादा," म्हणाली.

आत मांडण्यांवर रांगेने मूर्ती होत्या. सगळ्या रंगवून झालेल्या, मुकुट, सोंड, शेला सगळं झालेलं, आणि डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग. तीन दिवस तिने ब्रश उचलला नव्हता.

"हात थरथरतो?" मी विचारलं.

"हात थरथरत नाय. बसवतच नाय." मग तिने तळवे माझ्यापुढे धरले. "किती वेळा धुतले, दादा. वास जात नाय सोनेरीचा."

मेहुणे आतून बाहेर आले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि तिच्याकडे न बघता बोलले, "शंभर वेळा सांगितलं होतं, वाट्या खाली ठेवू नको. शंभर वेळा. बोलून उपयोग काय." आणि परत आत गेले. दुपारी ते कॉटवर उताणे पडले होते आणि एक हात पोटावर ठेवलेला. तो हात तिथे का होता हे घरात सगळ्यांना कळत होतं.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं. आणि जे बाहेर आलं ते हे: "स्वतःला दोष देऊ नको गो. होतं असं. मुकं जनावर, कुठे तोंड घालील सांगता येतं का?"

"मग कुणाला देऊ?" ती म्हणाली.

मी केळ्यांची पिशवी खाली ठेवली. ती पुढे म्हणाली, "तू औषध सांगितलंस, ते पण मी धड दिलं नाय. संध्याकाळचा डोस अर्धा सांडला. ती तोंड फिरवत होती, मी धरून पाजला तरी अर्धा सांडला. तो पूर्ण गेला असता तर वाचली असती का रे?"

ती मांजराला धरून, जबड्यात बोट घालून ते पाजत होती, माझ्या शब्दावर. आणि वर म्हणत होती की कमी पाजलं.

"नाही," मी म्हणालो. "त्याने काही फरक पडला नसता. आणि तिला त्रास झाला नाही गो. निजेत गेली ती. मी सांगतो ना तुला."

मी सांगतो ना. हे माझं पेटंट वाक्य.

मग मी कामाला लागलो. आता आठवलं की लाज वाटते, इतका मी त्या दिवशी चांगला वागलो. आधी बहिणीला हात धुवायला लावून चार घास भरवले, स्वतःही तिच्या ताटाशी बसून जेवलो. मेहुण्यांना उठवून बाहेर आणलं. जिथे माऊला पुरलं होतं तिथे, शेडच्या मागे शेवग्याखाली, सगळ्यांना घेऊन गेलो. भाचीला म्हटलं, एकेक आठवण सांगायची, रडायचं असेल तर रडायचं. भाची रडली, चाची पदर डोळ्याला लावून पुटपुटत राहिल्या, मेहुणे नाक ओढत शेवग्याच्या फांदीकडे बघत राहिले. बहीण मात्र कोरडीच.

"रड गो," मी म्हटलं. "मोकळी हो."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीच मारली आणि मीच रडू? शोभतं का ते?"

निघताना भाचीने वाकून नमस्कार केला. "मामा, तुम्ही आलात म्हणून घर जरा हललं." मेहुणे मला स्टँडपर्यंत सोडायला आले. एरवी ते कुणाला सोडायला जात नाहीत. "दादा, तुम्ही होतात म्हणून," म्हणाले, आणि गाडीची पाटी वाचायला लागले. मी गाडीत चढलो ते जवळजवळ पळतच.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. रोज सकाळी ठरवायचो, आज फोन करतो. नंबर काढायचो, ठेवून द्यायचो. माझ्या बाजूने बोलायला डोक्यात एक वकील कायम हजर. तो म्हणायचा, सांगून मांजर परत येणार आहे का? तो म्हणायचा, पंधरा दिवसांत विसरतील, दुसरं पिल्लू आणतील. तो हेही म्हणायचा की गावात बोभाटा झाला तर? औषधवाल्याला मांजराचं औषध कळत नाही, उद्या माणसांचं काय? हा शेवटचा मुद्दा खरा होता, बाकीचे सगळे त्याला झाकायला होते. हे मला समजत होतं आणि तरीही मी वकिलाचंच ऐकत होतो.

दुकानात हात आखडला. प्रत्येक स्ट्रिप तीनदा वाचायला लागलो. कुणी काही विचारलं की, वजन किती, आणखी काय चालू आहे, डॉक्टरचा कागद आहे का. एक जुनं गिऱ्हाईक चिडून म्हणालं, "शेठ, तुम्हाला झालंय काय? आधी असं नव्हतं." आधी असं नव्हतं, हे तर खरंच. घरात सिरपची बाटली दिसली की मी ती कपाटाच्या मागे सरकवायचो. अन्न जात नव्हतं. बायकोने माझ्याच दुकानातली आम्लपित्ताची गोळी मला आणून दिली आणि मी ती दोन्ही बाजूंनी वाचली.

भाची रोज फोन करून बातमी द्यायची. आई जेवते, पण मोजकंच. शेडमध्ये जात नाही. बाबा फक्त कामापुरतं बोलतात, "तिला सांग" असं पोरीकरवी. मालाची तारीख जवळ आली म्हणून बाबांनी जवळच्या जोहे गावची एक आखणीवाली बोलावली. ती चांगली आहे, पण आई दारात उभी राहून बघते आणि काही न बोलता परत जाते.

सोळाव्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा भाचीचा आवाज दबका होता. "मामा, आईने सगळे ब्रश काढलेत. पुसून कापडात गुंडाळतेय. जोह्याच्या मावशींना कायमचे देणार म्हणते. म्हणते, जिच्या हातून जीव गेला तिने देवाचे डोळे काढू नयेत. बाबा काय बोलत पण नायत. हो म्हणत नायत, नको म्हणत नायत. तुम्ही बोला ना तिच्याशी."

फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, ते पूर्ण ओढलं आणि निघालो. गाडीत या वेळी वाक्यं जुळवली नाहीत. जुळवली की ती गोड होत जातात, एवढं मला कळलं होतं. फक्त एकच भीती होती, पोहोचेपर्यंत जोह्याची बाई ब्रश घेऊन गेली तर. रस्ता तुंबला की मी ड्रायव्हरच्या केबिनकडे मान लांब करून बघायचो. कंडक्टर म्हणाला, "काका, घाई असेल तर चालत जा." मी खरंच उतरायच्या बेतात होतो.

स्टँडवरून रिक्षा केली. बहीण शेडमध्येच होती, जमिनीवर बसलेली. पुढ्यात जुन्या सुती साडीचा तुकडा, त्यावर ब्रश ओळीने मांडलेले. जाड, बारीक, आणि सगळ्यात शेवटी ते दोन-चार केसांचे, डोळ्यांचे. मला बघून म्हणाली, "तिने बोलावलं वाटतं तुला. बस. पण समजूत घालू नको हां दादा. मला आता समजुती नकोत."

मी तिच्यासमोर खालीच बसलो. गुडघे दुखतात, पण खालीच बसलो.

"रंगाने नाही गेली ती," मी म्हणालो. "औषधाने गेली. मी सांगितलेल्या. मांजराला ते विष असतं. मला माहीत नव्हतं. तू विचारलंस आणि मी न बघता चालतं म्हणालो."

बाहेर पत्र्यावर कावळा चालल्याचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, "वाटीने नाय?"

"वाटीने नाही. तुझ्या वाटीला तिने तोंडसुद्धा लावलं नसेल. तिला कदाचित ताप पण नव्हता. ऊन होतं नुसतं."

तिने आपले हात उलटेसुलटे करून बघितले. मला वाटलं, आता सुटली. तिच्या खांद्यातून काहीतरी उतरलं हे मला दिसलंही. मी मूर्खासारखा जरा हलका झालो. आणि मग तिने वर बघितलं.

"तुला कधी कळलं हे?"

इथे थोडंसं सरकवता आलं असतं. काल कळलं म्हटलं असतं तर कुणी तपासायला येणार नव्हतं. वकील होताच कानाशी.

"त्याच दिवशी. अकरा वाजता."

"म्हणजे तू इथे आलास तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी तुला विचारलं, सांडलं नसतं तर वाचली असती का. तेव्हा माहीत होतं."

"हो."

"आणि तू माझ्या ताटाशी बसून जेवलास."

मी मान खाली घातली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी ती ओरडायची, चावायची पण. आता ती हळू आवाजात बोलत होती, "औषधाचं चुकलं ते चुकलं, दादा. मी पण पाजलंच ना, मी तरी कुठे दुसऱ्या कुणाला विचारलं. पण सोळा दिवस तू मला बघत होतास. रोज पोरीला फोनवर विचारत होतास, आई जेवली का. आणि मी इथे..." तिने समोरचे ब्रश बोटाने सारखे केले, ते आधीच सारखे होते.

मग म्हणाली, "यांना सांग. मी नाय सांगणार. तूच सांग, माझ्यासमोर."

भाचीने मेहुण्यांना बोलावून आणलं. मी उठून उभा राहिलो आणि पुन्हा सगळं सांगितलं, अडीच मिली, ताप तो ताप, डॉक्टर, अकरा वाजता. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, ते अवघड गेलं. भाची मागे दाराला धरून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती ते मला दिसत होतं आणि मी तिकडे बघत नव्हतो.

मेहुणे तिच्याकडे बघत होते, सोळा दिवसांनी. "मी तुला काय काय बोललो," म्हणाले.

"ते नंतर," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दादा, आता एक विचारते. नीट ऐक आधी, मग सांग. ती निजेत गेली, तिला काय कळलं नाय, असं तू म्हणाला होतास. ते खरं का?"

उत्तर जिभेवर तयार होतं. नाही गो, काही कळलं नसेल, मी सांगतो ना. पस्तीस वर्षं मी लोकांना हेच देत आलोय, पुडीत बांधून. तिचा चेहरा बघून कुणीही तेच दिलं असतं. चाचींनी दिलं होतं, मी दिलं होतं, आणि तिने ते घेतलं नव्हतं म्हणूनच ती आज परत विचारत होती.

"नाही," मी म्हणालो. "त्रास झाला तिला. श्वास पुरत नव्हता. म्हणून ती साच्यांच्या मागे गारव्याला जाऊन बसली असेल."

"खूप वेळ?"

"बराच वेळ असेल."

तिने मान हलवली. एकदा, दोनदा. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती रडायला लागली, मोठ्याने, आवाज काढून, शेजारच्या अंगणातून चाची धावत येतील इतक्या मोठ्याने. "एकटी होती ती," म्हणत होती, "एकटी होती गो माझी बाय." मेहुणे तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्यांनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, मुलीसमोर, माझ्यासमोर. तेही रडत होते. भाची जाऊन त्यांच्यात शिरली.

मी तिथेच उभा होतो, पायात चप्पल नाही, हातात पाण्याचा तांब्या नाही, काही नाही. मला कुणी बस म्हणालं नाही, आणि जा असंही म्हणालं नाही.